कार्यारंभीचा कौल



स्मृतिव्याख्यानास उभ्या राहिलेल्या वक्त्याने दिवंगताच्या गुणवर्णनात पहिली घटका खर्च करावी असा प्रघात आपल्याकडे पडला आहे. परंतु ज्यांनी आपले आयुष्य मुलांना विचार करावयास शिकविण्यात वेचले त्यांच्या स्मृतीस, एखादा अवघड प्रश्न सर्वांनी मिळून नेकीने विचारात घ्यावा यापरते दुसरे तर्पण मला सुचत नाही. म्हणून मी विषयास सरळ हात घालतो. कोणतेही मोठे कार्य आरंभण्यापूर्वी माणूस देवापुढे उभा राहतो, पोथी उघडतो, पारायणाला बसतो, कौल मागतो. त्या वेळी तो नेमके काय मागत असतो, आणि जे मागतो ते मागण्याचा त्याला कितपत अधिकार असतो, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न या जिल्ह्यात विचारावयास मला विशेष कारण आहे. आपला बुलढाणा जिल्हा घाटावरचा असो की घाटाखालचा, येथे विचारल्यावाचून काही आरंभिले जात नाही. विहिरीला जागा धरावयाची, घराचा पाया घ्यावयाचा, मुलीचे स्थळ पाहावयाचे, बाजारपेठेत दुकान टाकावयाचे, दिवाणीत दावा लावावयाचा, अशा प्रत्येक वळणावर कोणी शेगावास जाऊन येतो, कोणी मेहकरास शारंगधर बालाजीपुढे उभा राहतो, कोणी पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांच्या दर्ग्यावर चादर चढवितो, आणि मग कामाला लागतो. या आचारास अंधश्रद्धा हे एकच नाव देऊन मोकळे होणारे लोक आहेत, तसेच त्यातील प्रत्येक गोष्ट शिरसावंद्य मानणारेही आहेत. मला या दोहोंपैकी कोणाचीच बाजू घेता येत नाही, कारण दोघांनीही या आचाराकडे पुरते निरखून पाहिलेले नाही असे माझे मत आहे.

निरखून पाहावयाचे तर प्रथम भेंडवळला जावे लागेल. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्यतृतीयेच्या, म्हणजे आपल्या बोलीतील आखाजीच्या, सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातील पुरुष घटमांडणी करतात; चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही रीत घालून दिली असे परंपरा सांगते. जमिनीवर वर्तुळ आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि तेथेच पुरी, पापड, कुरडई, करंजी, पानविडा असे पदार्थ. पानविडा राजाचा, करंजी खजिन्याची, भादली पिकांवरील रोगराईची, मसूर परचक्राची, असे प्रत्येकाचे संकेत ठरलेले आहेत. रात्रभर त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास कोणते धान्य जागचे हलले, कोणते वर्तुळाबाहेर गेले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून येत्या हंगामाचे भाकीत जाहीर होते, आणि ते ऐकण्यासाठी वऱ्हाडातून आणि खानदेशातून आलेले हजारो शेतकरी तेथे पहाटेपासून उभे असतात.

या पद्धतीने सप्टेंबरातला पाऊस आखाजीच्या पहाटे कळतो, हे मला मान्य नाही, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगतो. मुंगीने वा उंदराने हलविलेला दाणा, वाऱ्याने सरकलेली पुरी, घागरीतून पाझरलेल्या पाण्याने एखादे ढेकूळ अधिक भिजणे, यांचा बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यांशी कार्यकारणसंबंध असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि लोक जमेची भाकिते स्मरणात ठेवतात, चुकलेली विसरतात, हा मनुष्यस्वभाव सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि येथेच थांबून हसणे हा विचाराचा आळस होय. पूर्णेच्या दोन्ही काठांना शेगाव, संग्रामपूर, जळगाव या बाजूस जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, त्यातील विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. तेथल्या खातेदाराचे वर्षाचे सारे नशीब मृगापासून हस्तापर्यंतच्या आभाळावर टांगलेले. बियाण्याची, खताची उधारी जूनमध्ये, परतफेड दिवाळीनंतर, आणि मधल्या काळात एक खंड पडला की दुबार पेरणी. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव होते, हे या सभागृहात कोणाला सांगावयास नको. ज्याची उभी मिळकत मातीत टाकावयाची आहे, तो टाकण्यापूर्वी कोणाला तरी विचारणारच. भेंडवळच्या शेतात पहाटे उभ्या असलेल्या त्या माणसाची भीती खरी आहे, आणि तो प्रश्न विचारीत आहे एवढ्यासाठी तरी तो आदरास पात्र आहे.

आभाळाला विचारण्याचा हा प्रकार केवळ खेडुतांचा आहे असेही कोणी समजू नये. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारलाही हाच प्रश्न पडला. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या आधारे पुढील पावसाळ्याचा अंदाज वर्तविण्यास प्रारंभ केला, आणि १८८६ पासून तो रीतसर प्रसिद्ध होऊ लागला. आजही ते खाते पहिला अंदाज एप्रिलमध्ये, म्हणजे आखाजीच्या आसपासच देते. त्या अंदाजाचा आधार शास्त्रीय आहे, तो चुकला तर का चुकला याची चौकशी होते आणि पद्धत सुधारते, हा त्याचा मोठेपणा. पण तो सबंध देशाच्या चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो. माझ्या बांधाच्या आत कोणत्या दिवशी किती पडेल, हे त्यातून उमगत नाही. अर्थात शास्त्राचा उत्तम अंदाज हाती आल्यावरही शेतकऱ्याच्या वाट्याला अनिश्चिततेचा एक मोठा तुकडा उरतोच, आणि त्या तुकड्यापुढे उभे कसे राहावयाचे हाच प्रार्थनेचा खरा विषय आहे.

भेंडवळच्या मांडणीकडे पाहताना मला दुसऱ्या एका मांडणीची नेहमी आठवण होते. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती तपासा, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. शंभर दाणे मोजून घ्यावयाचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडावयाचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावयाचे, वरचेवर पाणी शिंपडावयाचे, आणि काही दिवसांनी उलगडून कोंब आलेले दाणे मोजावयाचे. सत्तर वा अधिक उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरे. कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवावयाचे. फारच कमी असतील तर ते बियाणे पेरावयाचे नाही. ही सुद्धा धान्य मांडून हंगामाआधी कौल मागण्याचीच रीत आहे. फरक इतकाच, आणि तो फरक फार मोठा आहे, की येथे दाण्याला त्याच्याच अंगच्या गुणाविषयी विचारले जाते, आणि मिळालेले उत्तर ऐकून शेतकऱ्याला पुढे काय करावयाचे ते कळते. रब्बीच्या तोंडावर नवरात्रात आपण मातीच्या घटाभोवती धान्य पेरतो आणि नऊ दिवस त्याची वाढ पाहतो, त्या आचारातही बियाणे पारखण्याची जुनी नजर असली पाहिजे असे मला वाटते.

कौल मागण्याचे असे दोन प्रकार ध्यानात आले म्हणजे पुढची वाट मोकळी होते. एकात माणूस विचारतो की, ‘माझे काय होईल?’ दुसऱ्यात तो विचारतो की, ‘मी काय करावे, आणि ते करावयास मी योग्य आहे काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर माणूस निश्चिंत होऊन ढिला पडतो, नकारार्थी आले तर हातपाय गाळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसेही आले तरी त्याच्यावर काही तरी कर्तव्य येऊन पडते. आपल्या धर्माचारातील जे जे उत्तम आहे ते सारे दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूला उभे आहे, हे मला आज येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पूजेच्या आरंभी होणारा संकल्प घ्या. यजमान तळहातावर पाणी घेतो आणि भटजी त्याच्याकडून काळाचा, देशाचा, गोत्राचा, नावाचा उच्चार करवितात: कोणते संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी, गोदावरीच्या कोणत्या तीरावर, (आपण वऱ्हाडातले लोक उत्तर तीरावरचे), कोणाचा कोण, आणि कोणत्या हेतूने हे कर्म करीत आहे. जुन्या दफ्तरातील एखादा कबूलनामा वाचावा तसाच हा मजकूर आहे: तारीख, मुक्काम, लिहून देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, आणि कराराचे कलम. फळ मागितलेले असते हे खरे. परंतु वाक्याचे क्रियापद ‘मी करीन’ असे असते, आणि ते करणाऱ्याला बांधून घेते. दुर्दैवाने आज संकल्प हा पूजेतील सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग झाला आहे. यजमानाचे लक्ष छायाचित्रकाराकडे, आणि गुरुजींचे पुढल्या घरच्या मुहूर्ताकडे. ज्या एका क्षणी माणसाने स्वतःशी सर्वांत अधिक प्रामाणिक असावयाचे, तो क्षण आपण हरवून बसलो आहो याचे मला खरोखर दुःख होते.

आता ग्रंथाकडे वळतो. या जिल्ह्यात कार्यारंभी उघडली जाणारी पोथी म्हणजे मुख्यत्वेकरून शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्राची ‘श्रीगजाननविजय’. दासगणू महाराजांनी ती १९३९ साली शेगावी रचली, अध्याय एकवीस. दशमी, एकादशी, द्वादशी अशा तीन दिवसांत पारायण करावयाची रीत पोथीतच सांगितलेली आहे, म्हणजे दिवसाला सात अध्याय. कोणी गुरुपुष्याचा योग साधतो, कोणी एकाच आसनावर बसून संपूर्ण वाचतो. स्वतः दासगणूंनीही प्रत्येक अध्यायाच्या आरंभी देवाची करुणा भाकूनच लेखणी चालविली आहे. ज्या ग्रंथाला लोक कार्यारंभी विचारतात, त्या ग्रंथाचा कर्ताही कार्यारंभी विचारणाराच होता.

पोथी फलश्रुती देते, आणि बहुतेक वाचक फलश्रुतीसाठीच वाचतात, हे मी जाणतो. परंतु वाचताना वाटेत काय काय भेटते तेही पाहिले पाहिजे. दहाव्या अध्यायात कारंज्याच्या लक्ष्मण घुडे याची कथा आहे. त्याची व्याधी गजानन महाराजांच्या कृपेने बरी झाली, तेव्हा तो महाराजांना आग्रहाने आपल्या घरी घेऊन गेला, पूजा केली, आणि हे सारे वैभव आपलेच आहे असे म्हणाला. महाराज म्हणाले, मग तिजोरीची कुलपे काढ. लक्ष्मण अडखळला, महाराज न जेवता उठून गेले. पुढे त्याची संपत्ती राहिली नाही असे पोथी सांगते. ज्याला नवीन गिरणी काढावयाची आहे, नवीन संस्था काढावयाची आहे, किंवा निवडणुकीला उभे राहावयाचे आहे, अशा मनुष्याने पारायण मांडावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे हा अध्याय यावा, आणि तरीही आपल्या कुलपांचा विचार त्याच्या मनाला शिवू नये, असे झाले तर त्याने एकवीस अध्याय डोळ्यांखालून घातले एवढेच म्हणावे लागेल. पोथीने मार्गदर्शन केलेले असते. ऐकणारा फलश्रुतीची वाट पाहत असतो.

ग्रंथ उघडून जे पान निघेल त्यावर बोट ठेवून निर्णय घेण्याची रीतही जगभर आहे. तुलसीरामायणाला जोडलेली रामशलाका उत्तरेत प्रसिद्ध आहे. शीख समाजात गुरू ग्रंथसाहिब उघडल्यावर जे वचन येईल ते त्या दिवसाची आज्ञा मानतात, आणि जन्मलेल्या मुलाचे नाव त्या वचनाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात. आपल्या शेजारच्या नांदेडास, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, तेथे हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरातील एका बागेत ऑगस्टीन नावाच्या मनस्वी विद्वानाने अशाच एका क्षणी सेंट पॉलचे पत्र उघडले, आणि त्या ओळींनी त्याचे आयुष्य पालटले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ऑगस्टीनला त्या ओळींनी यशाचे आश्वासन दिले नाही; ज्या विलासाचा त्याग करावयाचा हे त्याला वर्षानुवर्षे ठाऊक होते आणि होत नव्हते, तो त्याग आता कर असे सांगितले.

मुसलमान बांधवांत इस्तिखारा म्हणून एक प्रार्थना आहे. निर्णयापूर्वी दोन रकात नमाज पढून ती करतात, आणि तिचा आशय असा की, हे कार्य माझ्या धर्माला, चरितार्थाला आणि अखेरीला हितकर असेल तर ते मला सुलभ कर. हितकर नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर कर, आणि जे हितकर असेल त्यात मला समाधान दे. कार्यारंभीच्या प्रार्थनेचा याहून निर्मळ नमुना मला माहीत नाही. या प्रार्थनेत नकाराला जागा आहे. जो देवापुढे जाण्यापूर्वीच बेत पक्का करून, कंत्राटदाराला विसार देऊन, पत्रिका छापून मग कौल मागावयास जातो, तो कौल मागत नसून शिक्का मागत असतो.

ग्रंथाला विचारण्याच्या बाबतीत आपल्या भाषेतील सर्वांत थोर उदाहरण मात्र लोकमान्य टिळकांचे आहे, आणि त्याचा धागा आपल्या शेगावपर्यंत येऊन पोहोचतो. १९०८ साली अकोल्यास शिवजयंतीच्या उत्सवात टिळकांचे व्याख्यान झाले, त्या सभेस गजानन महाराज उपस्थित होते; पुढे टिळकांवर खटला झाला तेव्हा महाराजांनी कोल्हटकर नावाच्या गृहस्थांच्या हाती भाकरीचा प्रसाद पाठविला आणि टिळकांच्या हातून दूर देशी मोठे कार्य होणार असल्याचे सुचविले, अशी कथा पोथीच्या पंधराव्या अध्यायात आहे. भक्ताने ती भक्तीने वाचावी. इतिहास सांगतो तो इतका: २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली, २२ जुलै रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले, आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले.

परंतु या ग्रंथाचा आरंभ मंडालेचा नाही. १८७२ साली वडील मरणशय्येवर असताना सोळा वर्षांच्या मुलाने त्यांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखविली, आणि तेव्हापासून एक शंका त्याच्या मनात घर करून राहिली: जी गीता लढाईच्या तोंडावर, शस्त्र खाली ठेवलेल्या योद्ध्याला सांगितली, तिचा उपदेश संन्यासाचा कसा असेल? या एका शंकेचा पाठपुरावा टिळकांनी जवळजवळ चाळीस वर्षे केला. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना त्याचा उपक्रम आणि उपसंहार पाहावा हा मीमांसकांचा नियम त्यांनी लावला. उपक्रमात अर्जुन काम सोडून बसतो, उपसंहारात उठून कामाला लागतो, म्हणून मधली अठरा अध्यायांची वाणी कर्माची आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या निष्कर्षाशी ज्यांचे जमले नाही असे पंडित तेव्हाही होते आणि आजही आहेत, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला महत्त्व वाटते ते हे की, गीता हा मुळी कार्यारंभीच्या प्रश्नातून जन्मलेला ग्रंथ आहे. अर्जुन विचारतो तेव्हा त्यालाही जयापजयाचे भय आहेच. जिंकू की हरू हेही कळत नाही असे तो म्हणतो. श्रीकृष्णाने त्याला जयाचे भाकीत सांगून एका अध्यायात उठविता आले असते. अकराव्या अध्यायात तसे थोडेसे घडतेही. पण तेवढ्यावर संवाद संपत नाही. आणखी सात अध्याय चालतो, आणि अठराव्याच्या अखेरीस, सारे सांगून झाल्यावर, भगवान म्हणतात की, हे गुह्याहून गुह्य ज्ञान तुला सांगितले, याचा समग्र विचार कर आणि तुझ्या इच्छेप्रमाणे वाग. साक्षात देव सारथ्य करीत असताना निर्णय मात्र अर्जुनाकडेच परत येतो. ज्या धर्मग्रंथात देवानेच मुखत्यारपण नाकारले, त्या ग्रंथाचे वारस म्हणविणाऱ्या आपण आपल्या निर्णयांचे ओझे कोणा बुवाच्या, ज्योतिष्याच्या किंवा फासे टाकणाऱ्याच्या पदरात घालावे, ही गोष्ट मला त्या ग्रंथाची अप्रतिष्ठा वाटते.

देवीचा कौल मिळाल्यावर माणसाने कसे वागावे याचा दाखला हवा असेल तर तो सिंदखेडच्या लेकीच्या, जिजाबाईंच्या, घरात आहे. अफजलखान चालून आला तेव्हा तुळजापूरच्या भवानीने शिवाजीराजांस दर्शन देऊन अभय दिले, असे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे. राजे जागे झाले, त्यांनी जिजाबाई आऊंस बोलावून स्वप्नाचे वर्तमान सांगितले, कारभाऱ्यांना आणि सरदारांना सांगितले. आणि मग काय केले? देवीने खान मारण्याचे वचन दिले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. मसलत बसविली, वकील पाठविले, नेताजी पालकर आणि मोरोपंत यांच्या फौजा जागजागी बसविल्या, आपले बरेवाईट झाल्यास राज्य कसे चालवावे याची तजवीज सांगून ठेविली, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीस जाताना अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली शिरस्त्राण, हातात वाघनखे आणि बिचवा अशा तयारीने गेले. अज्ञानदासाच्या पोवाड्यात आईने मुलाची अलाबला घेतल्याचे आणि थोरल्या भावाचे, संभाजीचे, उसने फेडावयास सांगितल्याचे वर्णन आहे. भवानीचे अभय आणि अंगातले चिलखत यांत राजांना विरोध दिसला नाही. किंबहुना अभय मिळाल्यामुळे डोके थंड राहिले, आणि डोके थंड राहिल्यामुळे बंदोबस्ताची एकही बाजू सुटली नाही.

प्रार्थनेने निश्चय मिळतो, बुद्धी स्थिर होते, आणि त्या स्थिर बुद्धीने हिशेब करावयाचा असतो. हा हिशेब ज्यांनी सोडला नाही अशी एक संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ साली, शेगाव संस्थानाची स्थापना झाली. पुढे शिवशंकरभाऊ पाटलांनी अनेक दशके त्याचा कारभार पाहिला; रुग्णसेवा, शाळा, १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय, अशी एकेक कामे उभी राहिली, आणि ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ निवर्तले तेव्हा संस्थानाचे पाणीसुद्धा स्वतःसाठी न घेणारा कारभारी अशीच त्यांची कीर्ती मागे उरली. तेथील प्रत्येक कामाचा नारळ समाधीपुढेच फुटला असणार. परंतु नारळ फोडून वर्षभर रोजकीर्द न पाहणाऱ्या संस्था महाराष्ट्रात काय थोड्या आहेत? शेगावची शिस्त, तेथील स्वच्छता, पैशाचा चोख हिशेब, सेवेकऱ्यांचे मार्दव, हे मला त्या आरंभीच्या प्रार्थनेचेच रोज पुन्हा होणारे उच्चारण वाटते.

शास्त्रनिष्ठ मित्र मला विचारतील की, हिशेबानेच सारे होत असेल तर प्रार्थना कशाला? त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि उत्तरही सरळ आहे. हिशेब मला सांगतो की हे काम होईल की नाही. हे काम करणारा मी कोण, कोणाच्या तोंडचा घास काढून ते करतो आहे, आणि ते बुडाले तर मी त्याच माणुसकीने उभा राहीन की नाही, हे हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसते. ते विचारावयाला एक निवांत घटका लागते, आपल्याहून मोठे असे काही तरी समोर असावे लागते, आणि शेकडो वर्षे लोकांनी ज्या शब्दांत स्वतःला विचारले ते शब्द जवळ असावे लागतात. पोथी ती घटका देते, ते शब्द देते. ज्याची श्रद्धा नाही त्याने ही घटका आपल्या रीतीने साधावी. माझा त्याच्याशी वाद नाही. परंतु ज्याची आहे त्याने ती अर्ध्यावर सोडू नये.

आता मृग जवळ येत आहे. प्रत्येक गावात, मारुतीच्या पारावर किंवा गजानन महाराजांच्या मंदिरात, पारायणे बसतील. माझी आपणा सर्वांना, आणि विशेषेकरून येथे आलेल्या गावोगावच्या मंडळींना, अशी विनंती आहे की, यंदा तीन दिवसांचे पारायण पेरणीच्या आठवडाभर आधी ठेवावे, आणि दशमीला पहिला अध्याय सुरू होताना मंदिराच्या सभामंडपातच ओली गोणपाटे अंथरावी. प्रत्येक खातेदाराने आपल्या घरच्या बियाण्याचे शंभर दाणे तेथे मांडावे, आपल्या नावाची चिठ्ठी लावावी, वाचणाऱ्यांनी पाळीपाळीने पाणी शिंपडावे. पारायण द्वादशीला संपेल. पुढे आणखी तीन-चार दिवसांनी सर्वांसमक्ष दाणे मोजावे, ज्यांचे सत्तराच्या खाली आले त्यांना ज्यांचे चांगले आहे त्यांनी बियाणे उसने द्यावे, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्यावाचून कोणी तिफण जुंपणार नाही असा संकल्प, हातावर पाणी घेऊन, सबंध गावाने एकदम सोडावा. गोणपाट, पाणी आणि पोथी तिन्ही प्रत्येक गावात आहेत. कोणाच्या मंजुरीची गरज नाही. एवढे यंदा करून पाहा.